आत्याच्या चष्म्यातला सिनेमा

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. सोळा वर्षं मी लोकांना सिनेमे दाखवले, पण स्वतः धड एकही पाहिला नाही. त्यात माझा दोष नाही. मला टीव्हीच्या खालच्या फळीवर ठेवलं आहे आणि माझं तोंड सोफ्याकडे आहे. सिनेमा चालतो माझ्या डोक्यावर, मला दिसतात ती पाहणाऱ्यांची तोंडं. त्या तोंडांवरून सिनेमा कसा असेल याचा अंदाज बांधण्यात माझं आयुष्य गेलं, आणि खरं सांगतो, मी अजून गोंधळलेलाच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या पोटात इवलंसं भिंग बसवलं, दुसरीने झाकणाचे चार स्क्रू आवळले. माझ्या पाठीला तीन भोकं ठेवली होती. पिवळ्या भोकात लावलेल्या वायरीतून चित्र जातं, लाल आणि पांढऱ्या वायरींतून आवाज जातो. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे त्या पिवळ्या वायरीनेच सगळा घोळ घातला.

मला विकत घेतलं ते आत्याने. ती माझी आत्या नव्हे, पण तिच्याकडे राहणारी तिची पुतणी तिला आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आत्याने एका छापखान्यात तीस वर्षं प्रूफं तपासली. काना-मात्रेची चूक सगळ्यांना चुकवून पुढे जाई, पण आत्याच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाली त्या आठवड्यात ती मला घेऊन आली आणि म्हणाली, "आता डोळ्यांना जरा मजा करू दे."

पहिली काही वर्षं माझी नुसती चैन होती. रोज नवी सीडी येई. मला मऊ फडक्याने पुसत. शेजारीपाजारी म्हणत, "काय स्वच्छ चित्र आहे हो!" मी फुगून जायचो. सिनेमा कोणताही असो, आत्या त्यातल्या चुका काढायची. "मघाशी मेणबत्ती अर्धी जळली होती, आता अख्खी कशी झाली?" शेजारी म्हणत, अहो, सिनेमा बघा की! ती म्हणे, तोच तर बघतेय.

आत्याला भुताचे सिनेमे फार आवडत. इथून माझा गोंधळ सुरू झाला. मला वाटे, भुताच्या सिनेमाला माणसं घाबरतात. पुतणी घाबरायची. ती चपलांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या पायांची मापं घेते, पण पडद्यावर नुसत्या पावलांचा आवाज झाला की उशी तोंडावर घ्यायची आणि मग उठून कडी लागली आहे ना ते बघून यायची. आत्या मात्र हसायची.

"भूत दिसेपर्यंतच सिनेमा चांगला असतो," ती पुतणीला सांगायची. "दिसलं की संपलं. आणि हे लोक दिवा का लावत नाहीत? घरात एवढा धडधडाट चाललाय आणि ही बया अंधारात विचारतेय, कोण आहे? अगं, आधी बटण दाब ना!"

"तुला भीतीच वाटत नाही का गं आत्या?"

"वाटते की. त्यासाठीच बघते. पण ही भीती दीड तासात संपते, तेवढी चांगली असते."

पुतणीची आवड वेगळी. मंगळवारी तिला सुट्टी असते. त्या दिवशी ती लाँड्री चालवणाऱ्या दोन बहिणींचा सिनेमा लावते. त्यात धाकटी घर सोडून जाते आणि शेवटी परत येते. पुतणीने तो पन्नास वेळा तरी पाहिला असेल. धाकटी परत येणार हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती परत आली की ही रडते, आणि रडून झालं की खूश असते. भुताला हसायचं आणि परत आलेल्या बहिणीला रडायचं, हा काय उलटा कारभार? माझ्या छोट्या भिंगाला ते काही उमगेना.

मग काळ बदलला. लोकांचे सिनेमे म्हणे हवेतून यायला लागले. नव्या सीड्या थांबल्या, शेजारी थांबले. माझ्यावर फुलदाणी आली, मग वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. अडगळीत जायची वेळ जवळ आली असं मी धरून चाललो होतो, पण आत्याने मला सोडलं नाही. फक्त तिने एक गंमत केली. ती दर रविवारी दुपारी, पुतणी दुकानात गेली की, एकच भुताचा सिनेमा लावू लागली. कपाटातून हात बाहेर येतो तो. दुसरा नाहीच. सीडीच्या डबीवर तिने कोटाचं एक मोठं बटण चिकटवून ठेवलं होतं. आणि मला सुरू करताना तिची बोटं माझ्या तोंडावरून हळूहळू फिरायची. आधी भलतंच बटण दाबायची, मग दुसरं, मग बरोबर. मित्रांनो, मला वाटायचं, म्हातारपणी माझे लाड करते आहे. मी किती मूर्ख, बघा.

त्या रविवारांत मला एक सुख लाभलं होतं. आत्याचा चष्मा आता जाड झाला होता. ती पुढे सरकून, टीव्हीच्या अगदी जवळ बसू लागली होती. तिच्या दोन्ही काचांत पडद्यावरचं चित्र हलताना मला दिसायचं. नखाएवढं, पुसट, पण माझ्याच पोटातून गेलेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सिनेमा पाहत होतो! त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. आत्याने चुका काढणं केव्हाच सोडलं होतं.

एका शनिवारी पुतणीने खोली झाडली आणि मला पुढे ओढून परत मागे ढकललं. पिवळी वायर निसटली. मला ते लगेच कळलं. आता रविवारी आत्या ओरडणार, असं मला वाटलं, कारण पिवळी वायर सुटली की पडदा नुसता निळा होतो आणि घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं.

रविवारी आत्याने सिनेमा लावला. आवाज सुरू झाला. तिच्या चष्म्यात मला फक्त निळा रंग दिसत होता. पण ती ओरडली नाही. ती हसली. मान डोलावली. "दिवा लाव गं बाई, दिवा!" म्हणाली. मी पार चक्रावलो. वायर लागली आहे की काय? मग चष्म्यात काहीच का हलत नाही? चूक माझी, चष्म्याची की सिनेमाची?

त्या दिवशी दुकानात पाण्याची टाकी फुटली म्हणून पुतणी लवकर घरी आली. दारातच थांबली. तिने निळ्या पडद्याकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"आत्या, काय बघतेस?"

"काय म्हणजे? तेच आपलं. आता बोलू नकोस, कपाटातून हात येतोय बघ. आला! आला की नाही?"

पुतणी हळूच तिच्या शेजारी बसली. तिचा चेहरा असा झाला होता की भुताच्या सिनेमातही मी तो तसा पाहिला नव्हता.

"आत्या, पडद्यावर काहीच नाहीये. वायर निघालीय."

माझ्यातून किंकाळ्या येत होत्या, त्या पुतणीने बंद केल्या. आत्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. खूप वेळ पुसला.

"केव्हापासून दिसत नाहीये?" पुतणीने विचारलं.

"होतील दोन-तीन वर्षं. आधी धुकं होतं. आता धुकंच उरलंय. दुसरा सिनेमा लावला तर काही कळत नाही. हा पाठ आहे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हणाले. मग मी गेलेच नाही पुन्हा."

"भुताला हसतेस आणि ऑपरेशनला घाबरतेस?"

"भूत कधी येणार ते मला ठाऊक असतं गं," आत्या म्हणाली. "तिथे डोळा उघडा ठेवून झोपायचं. कोण येणार, काय करणार, किती वेळ, मला काय माहीत? आणि उरलंसुरलं गेलं तर?"

तेव्हा मला पहिल्यांदा थोडंसं समजलं. तोच सिनेमा माणसं पुन्हा पुन्हा का पाहतात, त्याचं निदान एक कारण माझ्या हाती लागलं.

पुतणी हुशार. तिने आत्याला समजावलं नाही की रागावली नाही. मंगळवारी सुट्टीच्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि तिथल्या नर्सबाईंकडून सगळं क्रमाने वहीत उतरवून आणलं. मग मी बंद असताना, त्याच सोफ्यावर बसून ती वाचू लागली. आधी डोळ्यात थेंब. मग बाहेरच्या खुर्चीवर बसायचं. मग आत. तोंडावर कापड, त्याला डोळ्यापुरतं भोक. मोठा दिवा. गार पाणी लागतं. पंधरा-वीस मिनिटं. मग डोळ्यावर झाकण आणि घरी. रोज एकदा वाचायची. चौथ्या दिवशी तिचा क्रम चुकला, तेव्हा आत्याच मध्ये म्हणाली, "थांब, गार पाण्याच्या आधी मोठा दिवा." सातव्या दिवशी ती "दिवा तरी लावतात हे लोक!" म्हणून हसली.

पुढच्या आठवड्यात आत्या ऑपरेशनला गेली. मी फळीवर बसून वाट पाहिली. मला प्रार्थना येत नाही, पण माझा लाल दिवा मी त्या दिवशी विझू दिला नाही. आधी एक डोळा झाला, महिन्याने दुसरा.

मग तो रविवार आला. दुकानातून मुद्दाम रजा घेतलेल्या पुतणीने पिवळी वायर घट्ट बसवली. आत्याने बोट थेट माझ्या बरोबर बटणावर ठेवलं. मागे सोफ्याला टेकून बसली. तिच्या नाकावर चष्मा नव्हता. माझे दोन छोटे पडदे गेले होते, आणि मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही.

कपाटाचं दार करकरलं. हात आला असणार. आत्या हसली नाही. ताडकन पुढे वाकली.

"अगं, भुताच्या हातात घड्याळ आहे! पट्ट्याचं घड्याळ! हे इतकी वर्षं मला दिसलं कसं नाही?"

पुतणी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी पुन्हा गोंधळलो. इतकी वर्षं ते घड्याळ माझ्या पोटात गरगर फिरत होतं आणि मलाही पत्ता नव्हता!

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसा, आमच्या वायरी तपासा, एवढी विनंती आहेच. पण तुमच्या घरात कुणी तोच तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहत असेल, तर हसून निघून जाऊ नका. जरा शेजारी बसा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघा. मी कित्येक वर्षं आत्याच्या तोंडाकडे बघत होतो. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.