वकिलाकडे जोडीनं

सीबीआयची माणसं घरी येऊन गेली आणि उत्तरेश्वर पाटोदेकरांचं सोसायटीतलं वजन एकदम वाढलं. तोवर लोक त्यांना लिफ्टचं दार हळू लावा म्हणून सांगणारे गृहस्थ एवढंच ओळखत. आता लिफ्टमध्ये त्यांना आधी जाऊ देत. पार्किंगच्या जागेवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या चेअरमननी स्वतःहून आपली गाडी वीतभर सरकवून घेतली. केंद्र सरकारनं एवढी जातीनं दखल घेतलेला माणूस त्या सोसायटीत दुसरा नव्हता.

चौकशी झाली, यथावकाश आरोपपत्र दाखल झालं आणि शिवाजीनगरच्या विशेष न्यायालयात हजर राहण्याचं समन्स आलं. फसवणूक, कट आणि पदाचा गैरवापर. उत्तरेश्वररावांनी ते तीन वेळा वाचलं. पदाचा गैरवापर करता येण्याइतकं आपलं पद मोठं होतं, हे त्यांना निवृत्तीनंतर प्रथमच कळत होतं.

प्रकरण साधं होतं. ते नोकरीला होते त्या केंद्र सरकारी कार्यालयानं सहा वर्षांपूर्वी एक नवा जनरेटर घेतला. निदान पैसे तरी नव्याचे दिले. आला तो जुनाच, वरून हिरवा रंग चोपडलेला. माल ताब्यात घेणाऱ्या समितीत तिघे जण होते. तिघांनीही ‘प्रत्यक्ष पाहणी केली, जनरेटर नवा आहे’ असं लिहून खाली सह्या केल्या होत्या. तिसरी सही उत्तरेश्वररावांची.

आणि घोडं तिथंच अडलं होतं. कारण हा माणूस काही न बघता करतो, यावर पुण्यात कोणीही विश्वास ठेवला नसता. भाजीवाल्यानं तोललेली गवार ते घरच्या काट्यावर पुन्हा तोलत. लग्नपत्रिका आली की तारीख आणि वार जुळतात का, हे कॅलेंडर काढून पाहत. एकदा जुळत नव्हते, तर त्यांनी मुलीच्या बापाला फोन केला होता. कार्यालयात त्यांच्या टेबलावरून झाडूसुद्धा मोजल्याशिवाय पुढं जात नसे. अशा माणसानं जनरेटर पाहिला नाही म्हणजे मुद्दामच पाहिला नाही, असं कोणीही म्हणेल. आरोपपत्रानंही जवळजवळ तेच म्हटलं होतं. माणसाला सचोटीचाही इतका त्रास होऊ शकतो, याची त्यांना कल्पना नव्हती.

खरं म्हणजे त्यांनी जनरेटर पाहिलाच नव्हता. त्या दिवशी त्यांच्या पत्नीचं, मंदाकिनीबाईंचं, ऑपरेशन होतं. छातीत गाठ होती आणि ती कसली, ते कापल्याशिवाय कळणार नव्हतं. डॉक्टरांनी वेळ अचानक अलीकडे आणली, बाईंचा फोन आला, आणि उत्तरेश्वरराव जिन्याकडे पळत असताना दारातल्या टेबलावर कारकुनानं तो कागद पुढं केला. त्यांनी उभ्या उभ्या सही ठोकली आणि स्कूटरला किक मारली. पुढं गाठ साधी निघाली. त्या आनंदात जनरेटर त्यांच्या डोक्यातून साफ गेला.

हे वकिलाला सांगायलाच हवं होतं. पण मंदाकिनीबाईंच्या देखत सांगायचं नव्हतं. बाईंचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. नळाला पाणी आलं नाही तरी आपण काल फार धुणं काढलं म्हणूनच, असं वाटणारी ती बाई. आपल्यापायी नवरा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला हे कळलं, तर ती उरलेला जन्म देवापुढं बसून काढेल, आणि त्यांना तिच्याशिवाय चहा आवडत नसे.

अडचण एवढीच, की मंदाकिनीबाई प्रत्येक वकिलाकडे सोबत येत. सत्यनारायणाला बसतात तशा, जोडीनं. पर्स मांडीवर, पाण्याची बाटली पर्समध्ये.

पहिला वकील जावयानं सुचवला. पुष्कर आयटीत होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीचं रेटिंग माहीत असे. ते ऑफिस बाणेरला, सगळं काचेचं. वकीलसाहेबांनी आधी कुठली कॉफी घेणार ते विचारलं आणि मग “डोन्ट वरी अंकल, आपण डिस्चार्जला जाऊ” असं म्हणाले. म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्तता. मंदाकिनीबाईंना वाटलं, कोणाला तरी दवाखान्यातून सोडताहेत. उत्तरेश्वररावांनी दोनदा तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं आणि मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “खुर्ची फार खोल होती. माणूस बसला की गुन्हेगारच दिसतो.”

दुसरे वकील टिळक रोडचे, वयानं मोठे. त्यांच्याकडे उत्तरेश्वररावांनी मंदाकिनीबाईंना समोरच्या दुकानात खारी बिस्किटं आणायला पाठवायचा प्रयत्न केला. वकील घड्याळ बघून म्हणाले, दुकान आता चारला उघडेल. आणि त्यांनी स्वतःच्या एका जुन्या खटल्याची हकीकत सुरू केली. ती संपली तेव्हा दुकान उघडून पुन्हा बंद व्हायची वेळ झाली होती. हेही नाकारले गेले, कारण त्यांच्या टेबलावरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं होतं.

तिसऱ्याकडे ते एकटेच जायला निघाले. लायब्ररीत जातो म्हणाले. चपला घालून दार उघडलं तर मंदाकिनीबाई आधीच बाहेर उभ्या, चपला घालून. त्यांनाही पुस्तक बदलायचं होतं म्हणे. दोघं निमूटपणे लायब्ररीत गेले आणि एकेक पुस्तक घेऊन परत आले.

मुलगी फोनवर चिडली. बाबांना वकील हवाय की स्थळ, असं तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, बघू, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी घेऊन कुठंतरी गेली. परत आली तर पिशवी रिकामी. कोर्टात जाऊन बसले होते, म्हणाली. कोण वकील कसं बोलतो ते पाहिलं. बरेच जण साक्षीदाराला बोलूच देत नाहीत. एक बाई मात्र समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबते. तिचा पत्ता विचारून आलेय. नवऱ्याला आणखी काही सुचायच्या आत तिनं भेटीची वेळही घेतली.

ॲडव्होकेट सत्यशीला देवणीकर यांचं ऑफिस स्वारगेटजवळ, एका टायरच्या दुकानाच्या वर होतं. खुर्च्या साध्या लाकडी, कॅलेंडर चालू महिन्याचं. उत्तरेश्वररावांना धडकी भरली. नाकारण्यासारखं काही दिसेना.

वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा केसांवर सरकवलेला. कॉफी नाही, हकीकत नाही. आरोपपत्र त्यांनी शांतपणे वाचलं आणि इतक्या दिवसांत कोणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

“तुम्ही जनरेटर पाहिला होता?”

“नाही,” उत्तरेश्वरराव म्हणाले. आपल्या तोंडून तो शब्द इतका पटकन आला याचं त्यांनाच नवल वाटलं.

“मग सही का केलीत?”

खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. उत्तरेश्वररावांनी पंख्याकडे पाहिलं. मग ते बायकोकडे वळून म्हणाले, खाली जाऊन जरा बघ, आपली स्कूटर उचलून नेली नाही ना.

“आपण रिक्षानं आलोय,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

वकीलबाई थांबल्या. त्यांची ती सवय खरीच होती. पण उत्तरेश्वररावांचं वाक्य सुरूच होईना. शेवटी मंदाकिनीबाईंनी पर्स मांडीवरून काढून टेबलावर ठेवली.

“मी सांगू का? त्या दिवशी माझं ऑपरेशन होतं. मला आत न्यायच्या आधी या, असं मीच यांना फोनवर म्हटलं होतं. हे आले. यांच्या खिशात दुसऱ्याचं पेन होतं. दोरीसकट.”

“दोरीसकट?”

“ऑफिसात टेबलाला बांधलेलं असतं ना, तसलं. ओढून तोडून आणलेलं, आणि यांना पत्ता नाही. हा माणूस कचेरीतली टाचणी घरी आणत नाही हो. मुलीला चित्र काढायला कधी पाठकोरा कागद दिला नाही. मी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ती लोंबणारी दोरी पाहिली आणि म्हटलं, यांनी आज काहीतरी न बघता केलंय. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी यांचा हात धरायला गेले तर ती दोरीच हातात आली. तीच धरून आत गेले. दारात नर्सनं सोडवून घेतली.”

उत्तरेश्वररावांना काही दिसेनासं झालं. त्यांनी चष्मा काढून पुसला, उलटसुलट पाहिला, पुन्हा पुसला.

“मंदा, तू कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही तरी कुठं बोललात? तुमचं ठरलं होतं, वकिलाला सांगायचं आणि मला नाही. म्हणून तर प्रत्येक ठिकाणी येऊन बसले. म्हटलं, ऐकीन तर तुमच्या तोंडूनच.”

“तुला लागून राहील म्हणून…”

“लागलंच आहे. सहा वर्षं झाली. जेवले-खाल्ले ना तरी?”

वकीलबाईंनी चष्मा केसांवरून नाकावर आणला. “ते पेन परत केलंत?”

“दुसऱ्या दिवशी,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “नवी दोरी बांधून. आधीची आखूडच होती.”

वकीलबाई हसल्या नाहीत, पण लिहून मात्र घेतलं. हलगर्जीपणा वेगळा आणि लबाडी वेगळी, कायद्याला दोन्ही ओळखता येतात, असं त्या म्हणाल्या. ऑपरेशनची वेळ दवाखान्याकडून मिळवता येईल. सुटाल असं वचन देत नाही, पण लढण्यासारखं आहे. आणि हे वकीलपत्र मी घेते. मग त्या मंदाकिनीबाईंकडे वळल्या.

“आता मात्र तुम्ही बाहेर बसा. तुम्ही आमच्या साक्षीदार. यांचं म्हणणं ऐकून तुम्ही पढलात, असं उद्या कोणी म्हणायला नको.”

इतके दिवस उत्तरेश्वररावांनी जे खारी बिस्किटांनी, लायब्ररीनं आणि नसलेल्या स्कूटरनं साधायचा प्रयत्न केला, ते एका वाक्यात झालं. ते एकदम म्हणाले, “असू द्या की तिला इथं.”

“नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

मंदाकिनीबाई उठल्या. पाण्याची बाटली नवऱ्यापुढं ठेवली, सगळं सांगा, गवारीसारखं तोलत बसू नका, असं बजावलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दाराच्या दुधी काचेतून त्यांच्या निळ्या साडीचा नुसता रंग दिसत होता.

“हं. सकाळपासून सांगा,” वकीलबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वरराव त्या निळ्या रंगाकडे बघत सांगू लागले. सकाळी तिनं दवाखान्याची पिशवी कशी भरली, स्वतः उपाशी असून आपल्यासाठी डबा कसा केला, आणि तो स्कूटरला तसाच लटकत कसा राहिला. जनरेटर यायला अजून बराच अवकाश होता. आणि ते जरा मोठ्यानंच बोलत होते.

वकीलबाईंनी उठून पंखा वाढवला.

उत्तरेश्वररावांनी आवाज वाढवला.