धुतलेल्या राखेचा साचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी साचा आहे. बोटाच्या पेराएवढा, खाली रुंद, वर निमुळता. लातूरच्या ओताऱ्यानं मला घडवलं ते विभूतीच्या कांड्या पाडण्यासाठी. उमादेवी गोवरीची राख पाण्यात धुऊन, फडक्यातून गाळून माझ्यात दाबायची. राख जितकी धुवावी तितकी विभूती पांढरी, असं तिची सासू सांगायची. देवाचं काम वाट्याला आलं म्हणून मी थोडा चढूनच गेलो होतो.

तिचे यजमान शरणप्पा तेलगिरणीत बॉयलरवर होते. भट्टीत भुईमुगाची टरफलं जाळायचे. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. पाऊस मात्र दोन-तीन वर्षांतच रुसला. टरफलं संपली. मालक मिळेल ते जळण आणू लागले, तुराट्या, पऱ्हाट्या, कसलाही भुसा.

राखेत खार असतो. तो जास्त असला की राख भट्टीत गुळासारखी वितळते, जाळीवर बसते आणि तिचा दगड होतो. तो माणसाला वाकून सळईनं फोडावा लागतो. म्हणून शरणप्पांनी युक्ती काढली. नवं जळण आलं की मूठभर जाळायचं, राख घरी आणायची, उमादेवीनं थेंबभर पाण्यात मळून माझ्यात कांडी पाडायची. ती खापरीवर ठेवून भट्टीच्या तोंडाशी सरकवायची. शेंडा ताठ राहिला तर जळण घ्यायचं, वाकला तर परत पाठवायचं. माझा अंदाज कधी चुकला नाही. मालकसुद्धा विचारायचे, "शरणप्पा, कांडी काय म्हणती?"

मग एका सकाळी, कितीतरी दिवसांनी, गल्लीत टँकर आला. उमादेवीला दोन घागरी जास्त मिळाल्या. घरात नव्या भुशाची राख कांडीसाठी ठेवलेली होती. पाणी हाताशी आहे म्हणून तिनं ती विभूतीसारखी तीनदा धुतली, गाळली आणि माझ्यात दाबली. धुवण तरी कशाला फेकायचं, म्हणून त्या बुळबुळीत पाण्यात नवऱ्याचा सदरा धुतला. तो पांढराशुभ्र निघाला. राखेतला सगळा खार सदऱ्याच्या मळाबरोबर मोरीत गेला होता. मला ते कळत होतं, पण मला तोंड नाही.

कांडी ताठ उभी राहिली. शरणप्पांनी सात गाड्या भुसा उतरवून घेतला. तिसऱ्या दिवशी जाळी गच्च बसली. ते वाकून फोडत होते, तेव्हा वरची तापलेली ढेप त्यांच्या अंगावर आली. अंगात तोच सदरा होता.

दवाखान्यात त्यांनी उमादेवीला जवळ बोलावलं. "राख धुतली होतीस का ग?"

"हाव. टँकर आला होता. चांगली व्हावी म्हणून धुतली."

ते म्हणाले, "लई पांढरी झाली होती. मलाच कळायला पाहिजे होतं. कुणाला सांगू नको. लोक तुला नावं ठेवतील."

दुसऱ्या दिवशी ते लिंगैक्य झाले. त्यांच्या कपाळाला लावायला तिनं विभूती बाजारातून आणवली. गिरणीत सगळे म्हणाले, साच्यानं दगा दिला. उमादेवी तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

आता मी फडताळाच्या कोपऱ्यात असतो. कधीतरी ती मला काढते, पदरानं पुसते आणि परत ठेवते. माझ्यात पुन्हा राख पडली नाही.

मित्रांनो, कशाची पारख करायची असेल तर ते जसं आहे तसंच समोर ठेवा, मायेनंसुद्धा धुऊन आणू नका. आणि आज सांगितलं ते पोटात ठेवा. कुणी विचारलंच, तर साच्यानं दगा दिला म्हणा. पितळेला नावं ठेवली तरी चालतं.