लवू परबांचं फुल स्कॅन

दिंडोशीच्या वन बीएचकेत दर मंगळवारी फुल स्कॅन असे, आणि लवू परबांच्या घरात त्याला सत्यनारायणाइतकं सोवळं होतं. सीपीयूपुढे नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि आकडा शंभर टक्क्यांवर पोचेपर्यंत माऊसला कुणी हात लावायचा नाही.

"बा देवा महाराजा, खयचोय व्हायरस इलो तर तेका वाटेतच ठेच रे महाराजा."

"होय महाराजा," त्यांची बायको वनमाला कुकरच्या शिट्या मोजत म्हणाली.

मुलगी रुचिरा घड्याळ बघत होती. डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी दीड वर्षाची चित्रं पाचच्या आत पाठवायची होती, आणि ती सगळी याच कॉम्प्युटरवर होती. अँटीव्हायरस चोवीस तास आपणहून पहारा देतो, शंका आली तर स्कॅन करावं, दर आठवड्याला यज्ञ कशाला, हे तिचं सांगून झालं होतं. स्कॅन चालू असताना काम करता येतं, हेही.

पण लवू पडले विक्रोळीच्या कारखान्यातले तीस वर्षांचे सुपरवायझर. जो काम करताना दिसत नाही तो कामचुकार, हा त्यांचा सिद्धांत. हा चोवीस तासांचा पहारेकरी त्यांना कधी दिसलाच नव्हता, वर त्याच्यामुळे स्कॅन रेंगाळतं अशी त्यांची तक्रार. म्हणून आज दुपारी एकच्या सुमारास त्यांनी तो गुपचूप बंद करून टाकला.

चारपर्यंत थांब, असं त्यांनी पोरीला बजावलं. मग गावकरी मंडळाचा पेन ड्राइव्हही लावला, त्याचीही तपासणी उरकेल म्हणून. माऊसचं सोवळं त्यांना स्वतःला लागू नव्हतं, तेव्हा त्यातल्या जत्रेच्या फोटोंवर दोनदा टिचकीही मारली. फोटो काही उघडले नाहीत. मंडळाबद्दलचं त्यांचं मत आणखी वाईट झालं.

चारच्या सुमारास स्क्रीनवर लाल पट्टी आली. एक व्हायरस सापडला होता. लवूंना आनंदानं आभाळ ठेंगणं झालं.

"बघ, तुझ्या पहारेकऱ्याक गावलो नाय तो माका गावलो."

रुचिरानं चित्रांचा फोल्डर उघडला. एकही चित्र उघडेना. प्रत्येक नावाला भलतंच शेपूट चिकटलं होतं आणि शेजारी चिठ्ठी होती, की सगळ्या फायलींना कुलूप लागलंय. तिनं नोंदी तपासल्या. पहारा बंद, एक वाजून पाच. व्हायरस आत, दोन वाजून वीस, पेन ड्राइव्हवरून.

"बाबा, पहारा चालू असता तर टिचकी मारताक्षणीच पकडला असता ना तो. बंद का केलात?"

ती पाचपर्यंत खटपट करत राहिली. पाचला कॉलेजचा अर्ज बंद झाला. स्कॅनही त्याच सुमारास पुरं झालं आणि हिरव्या अक्षरांत आलं, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे.

"वर्ष गेलं माझं," रुचिरा म्हणाली.

गावकरी मंडळाच्या नावानं बोटं मोडायला लवूंनी तोंड उघडलं. मग पोरीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"मीच घेतलंय तेका घरात," ते म्हणाले. "हात धरून."