गाडी थांबा म्हणते

आमची गाडी परदेशात वापरून मग इकडे आलेली. चालायला उत्तम, पण समोरच्या स्क्रीनवर सगळं त्या देशाच्या भाषेत. आकडे तेवढे कळायचे, बाकी नुसती मुंग्यांची रांग. घरात ती भाषा वाचणारे एकटेच, आमचे हे. ह्यांच्या कारखान्यातली यंत्रं त्याच देशातून येतात, म्हणून आपल्याला जमतं, असं त्यांचं म्हणणं.

दर रविवारी आम्ही नणंदेकडे जातो. तिच्या नव्या घरातली कपाटं माझे सासरे, म्हणजे बाबा, करताहेत. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. काम सुटल्यावर घरात येरझाऱ्या घालून घालून त्यांनी आमचा जीव नकोसा केला होता. कपाटं हाती घेतली आणि पुन्हा शीळ घालायला लागले.

पण रस्ताभर गाडी थांबायची. पेट्रोल पंप दिसला, हॉटेल दिसलं, की हे गंभीर चेहऱ्याने स्क्रीनकडे बघून सांगायचे, "गाडी थांबा म्हणतेय. इंजिनला विसावा हवाय."

"यंत्राचं ऐकावं लागतं बरं," असं म्हणत बाबाही उतरायचे. मी आत धुमसत बसायची. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, मला उशीर खपत नाही. नणंदेकडे पोहोचेपर्यंत जेवण थंडगार व्हायचं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एका शनिवारी तेल बदलायला गाडी मीच गॅरेजात नेली आणि मेकॅनिकला विचारलं, "ही भाषा बदलता येते का हो?"

"येते की. नवं सॉफ्टवेअर टाकलं की मराठीसुद्धा येते."

माझा चहा पिऊन होईस्तोवर काम झालं. चावी फिरवली आणि समोर अक्षरं उमटली: 'नमस्कार. कृपया आसनपट्टा बांधावा.' मला इतका आनंद झाला की मीही मोठ्याने नमस्कार केला.

घरी आल्याआल्या ह्यांना म्हटलं, "आता उद्या बघते, कशी थांबा म्हणते ती!"

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. मला स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी दार लोटलं.

"अगं, ऑपरेशनपासून बाबांना लघवी फार वेळ धरवत नाही. मागे बस थांबवावी लागली, तेव्हा लोक हसले. मग त्यांनी बाहेर पडणंच सोडलं होतं. स्वतःहून 'थांब' म्हणायचं तर त्यांचा जीव जातो. म्हणून मी गाडीच्या तोंडी घातलं."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तू गाडीतच मोठ्याने विचारलं असतंस, बाबा, जाऊन येताय का म्हणून."

विचारलं असतं, खरंच. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पण आता मलाच घोर लागला. उद्या माणूस अवघडला आणि परवापासून पुन्हा घरात बसला तर?

गॅरेज बंद व्हायच्या आत जुनी भाषा लावून आणावी म्हणून चावी शोधली, तर जागेवर नाही. खाली बाबा गाडीत बसले होते, चष्मा लावून शेजाऱ्यांना वाचून दाखवत होते. "'मागचे दार उघडे आहे.' अरे वा! आपल्याशी बोलायला लागली की ही!" इतका खूश माणूस. त्यांच्या हातातून चावी कोण काढून घेणार?

रविवारी निघालो. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर हत्यारांची पिशवी. बाहेरचं तापमान, इंधन, चाकातली हवा, सगळं आम्हाला वाचून दाखवणं चालू. नेहमीचा पंप जवळ आला.

"'सर्व यंत्रणा सुरळीत आहेत,'" बाबांनी वाचलं आणि एकदम गप्प झाले. आरशात मला त्यांची पिशवीवर आवळलेली बोटं दिसली. ह्यांचा पाय ब्रेकवर जाईना.

मी पुढे वाकले आणि स्क्रीनवर सरळ हात पालथा ठेवला.

"अगंबाई! गाडी थांबा म्हणतेय."

मागून आवाज आला, "मराठीत?"

"हो बाबा. स्वच्छ मराठीत."

बाबांनी पिशवी बाजूला ठेवली.

"मग तर थांबलंच पाहिजे," बाबा म्हणाले. "इतके दिवस मला वाटत होतं, पोरगं थापा मारतंय."

हे इतके हसले की गाडी पंपावर कशीबशी वळली. मी हसता हसता डोळे पुसत होते. बाबा उतरले, ताठ मानेने चालत गेले आणि शीळ घालतच परत आले.

दार लावून घेत म्हणाले, "सूनबाई, तुला उगाच वाकावं लागतं. आता वाचायचं काम माझं."

पुढे बऱ्याच वेळाने एक हॉटेल दिसलं. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "थांबा."