माझं कोरं छत

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे. थायलंडमधल्या खोन केन शहराच्या हमरस्त्यालगत, जुन्या गाड्या विकणाऱ्या विरोटच्या आवारात मी उभी असते. माझ्या काचेवरची किंमत बाजारभावाच्या निम्मी आहे. लोक ती वाचून थबकतात, मग हसून पुढे जातात.

माझी पहिली वर्षं सुखाची गेली. दूर दक्षिणेत एका औषधविक्रेत्याकडे मी होते. तो मला दर रविवारी स्वतः धुवायचा. मग पूर आला आणि मी टपासकट बुडाले. विरोटने मला कवडीमोलाने उचललं, सीटपासून छताच्या कापडापर्यंत सगळं नवं घातलं, अत्तर शिंपडलं आणि इथे आणलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! एकाने मला नेलंही होतं. भर रस्त्यात माझे दिवे गेले, ब्रेक लागेना. तो वाचला कसाबसा, आणि मला परत इथे सोडून गेला.

काल लामाई नावाची एक बाई नवऱ्याला, थाविनला, घेऊन आली. कारखान्यातली नोकरी सोडून गल्लीतल्या मुलांची शाळेत ने-आण करायचं तिने ठरवलं होतं. ते ऐकून मला माझे ब्रेक आठवले.

"एवढी स्वस्त? कुठंतरी पाणी मुरतंय," थाविन म्हणाला.

"काहीतरीच काय, दादा," विरोट म्हणाला. "एका म्हाताऱ्या बाईंची गाडी आहे. भारी देवभोळ्या. विहार सोडून कुठं नेली नाही हो."

थाविनने इंजिन ऐकलं, चाकांना लाथा मारून पाहिल्या. "घेऊन टाकू," तो बायकोला म्हणाला.

लामाई चालकाच्या जागी बसली आणि सवयीने तिचा हात वर गेला. आमच्याकडे नवी गाडी आधी भिक्खूंकडे नेतात. ते चालकाच्या डोक्यावर, छताला, पांढऱ्या लेपाचे ठिपके काढतात. गाडी सुरू करण्याआधी त्यांना हात लावायचा, अशी कितीकांची रीत असते. तिच्या बोटांना नुसतं कापड लागलं.

"विरोटदादा, बाई देवभोळ्या होत्या ना?"

"तर! भिक्खूंना जेवण वाढल्याशिवाय पाणी प्यायच्या नाहीत."

"मग गाडीला आशीर्वाद कसा नाही घेतला?"

"घेतला असेल की. पुसला गेला असेल."

"आशीर्वाद पुसणारी देवभोळी बाई आजच ऐकली बाई मी."

तिने दाराच्या वरचं रबर उचकटलं आणि आत बोट घातलं. बोटाला सुकलेला चिखल लागला. तिने तो नवऱ्यापुढे धरला. "छतापर्यंत बुडलीय ही. हिच्यात लोकांची पोरं बसवू?"

ती उतरली, थाविनने दार लावलं. दोघं बसथांब्याकडे चालत गेली. मला हायसं वाटलं, आणि वाईटही. आज ती पुन्हा कारखान्यात गेली असेल.

आज सकाळी विरोट एक वाटी घेऊन माझ्यात येऊन बसला. त्याने आधी डोळे मिटून हात जोडले. मग लेपात बोट बुडवून माझ्या छतावर एकेक ठिपका काढला. ठिपके अगदी खऱ्यासारखे आले आहेत.

मित्रांनो, दुपारी एक कुटुंब मला पाहायला येणार आहे. मला भंगारात घातलं तरी माझी तक्रार नाही, तिथे निदान विसावा मिळेल. पण तुमच्या घरी कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर त्यांना एवढं सांगा. ठिपके पाहून हात जोडाल ते जोडा, पण आधी रबर उचकटून बघा. मला स्वतःहून काही सांगता येत नाही.