भरलेली ओळ

थेओफिल मास्तरांचे डोळे गेले तेव्हा हिशेब अर्ध्यावर होता. मग मुलगी क्लोतिल्द त्यांचे डोळे झाली. चुलीपाशी त्यांचा पलंग, पलंगाला लागून लांब टेबल आणि टेबलावर ओळीनं आखलेली एकसष्ट घरं. घरात घेवड्याचा पांढरा दाणा असला तर एक, नसला तर काही नाही. घरागणिक मोल दुप्पट. सगळी घरं भरली की होते ती मास्तरांची संख्या. एक सोडून तिला दुसरं कुणी भागू शकतं का, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं.

एकेका आकड्यानं भागून पाहायला दहा जन्म पुरले नसते. म्हणून ही आडवाट: ओळीत चार मांडून सुरुवात, मग ओळीचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, डाव्या कडेवरून पडलेला दाणा उजवीकडून आत घ्यायचा, की पुन्हा वर्ग, असं एकोणसाठ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या अभंग. नाहीतर तिला तडा आहे, आणि तो कुठे, हेही कळायचं नाही.

शेजारची ब्लांदीन येता-जाता टोमणा मारी, "घेवडा वाळला की गं, सूप कधी करणार?"

त्या दुपारी शेवटच्या संस्कारासाठी पाद्रीबाबांना निरोप गेला होता. खाली नदीकाठी सुऱ्यांना धार लावणाऱ्यांचे दगड घरघरत होते, इथे मास्तरांची छाती. क्लोतिल्दनं शेवटचा दाणा ठेवला आणि पाहिलं. एकही घर रिकामं नव्हतं. हिवाळाभर तिनं शून्याची, उघड्या टेबलाची वाट पाहिली, आणि समोर हे भरलं शेत.

तिनं दाणे ओच्यात ओढले.

"पापा, टेबल रिकामं आहे."

मास्तरांची बोटं टेबलावरून चालत कडेला गेली, थांबली. मूठ मिटली.

"मग ओच्यात काय वाजतंय?"

तिला हुंदका फुटला. सगळी घरं भरलेली होती, कुठे चुकले कळत नाही, असं तिनं सांगितलं.

"अगं वेडे, भरलेली ओळ म्हणजे आपलीच संख्या. तिला तिनंच भागलं तर उरतं काय? शून्यच. हे सांगायचं राहिलंच माझं." पण उजळलेला चेहरा लगेच विझला. "आत्ताच खोटं बोललीस, पोरी. हेही माझ्या समाधानासाठी नाही कशावरून?"

शपथ घेऊन काय होणार? ओळ मोडली होती. चढावर पाद्रीबाबांची घंटा वाजू लागली होती.

"मोजू या," ती म्हणाली. एकेक दाणा तिनं त्यांच्या पांघरुणावर ठेवला, ते आकडा पुटपुटत गेले. साठाला ओचा संपला.

एक कमी, म्हणजे एक घर रिकामं, म्हणजे तडा. ती टेबलाखाली रांगली, राख चाळली, फळ्यांच्या फटींत नखं घातली. भिंतीवरच्या फळीवर घेवड्याची बरणी भरलेली होती. नुसता हात घालायचा अवकाश. तिनं बरणीकडे पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसली.

"साठच आहेत, पापा. खरंच साठ."

तेव्हा कुठे मास्तरांनी मूठ उघडली.

"एक तू टेबलावर विसरली होतीस."

दाणा घामानं ओला झाला होता. घंटा दाराशी येऊन थांबली.