आतली कडी

मिस्त्रीने हातोड्याच्या एका घावात वरच्या बिजागरीची खीळ उडवली. ती घरंगळत सासूच्या पायाशी आली.

गावातल्या निम्म्या घरांची दारं मिस्त्रीने केली होती. स्वतःच्या घरातली दारं मात्र त्याने मुद्दाम बाहेर उघडणारी टांगली होती, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. आतून कोणी दहा कड्या घातल्या तरी खिळी काढल्या की दार हातात. आपल्या घरात कोणी कोणापासून काय लपवायचं, असं तो म्हणायचा. तीस वर्षं त्याच्याशी संसार केलेल्या सासूला ते वाक्य तोंडपाठ होतं.

आत सून होती, नववा महिना लागलेली. लिफ्ट दुरुस्त करणारी पोरगी, बोलायला कमी आणि हाताला पक्की. कामावरचं ड्रिल मशीन आणून तिने आज सकाळी खोलीला आतून कडी बसवली होती. मग चहा पिता पिता सासूला सांगून टाकलं, की बाळंतपणाच्या वेळी आत फक्त नवरा थांबेल. घरी आल्यावर खोलीत यायचं तर दार वाजवून. आणि पोटाला हात लावायचा तर आधी विचारून.

सासूच्या अंगाचा तिळपापड झाला. दवाखान्यात फोन करून आत थांबायला स्वतःचं आणि बहिणीचं नाव ती कधीच देऊन बसली होती. सुनेची फाइल ती रोज उघडून बघायची. झोपलेल्या सुनेच्या पोटावर दोनदा हात ठेवून आली होती. त्यात काय एवढं? नातवंड काय एकटीचं होतं? दुपारी डबा घेऊन ती मिस्त्रीच्या कारखान्यात गेली आणि मुलगा माल पोचवायला गेलेला बघून नवऱ्यापुढे डोळ्याला पदर लावला. तिखटमीठ लावून सांगितलं.

आता दारापाशी त्याची मान लाल झालेली तिने बघितली. आग आपणच लावली होती, आणि बादली कुठे दिसत नव्हती.

"अहो, पुरे झालं," ती म्हणाली.

"तूच रडत आली होतीस ना?" मिस्त्री म्हणाला आणि त्याने खालची खीळ उडवली.

फटीत पहार घालून त्याने जोर लावला. कडी लाकडाच्या ढलप्यासकट उखडली आणि दार धाडकन बोळात आडवं झालं. सून पलंगाच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होती, एक हात पोटावर, दुसऱ्यात ड्रिल.

"मागे व्हा," ती म्हणाली.

मिस्त्री हसला. कोपऱ्यात त्याने स्वतःच घडवलेला पाळणा होता, महिनाभर पॉलिश करत बसला होता त्याला. तीन घावांत त्याने त्याचे तुकडे केले. एक फळी उडून सुनेच्या कपाळावर बसली, रक्त भुवईवरून खाली आलं. ती हलली नाही. मग तो तिच्याकडे वळला.

खांदा कसा वळला की हात कुठे पडतो, हे सासूइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. पुढे व्हायचं असं काही तिने ठरवलं नाही. ती मध्ये होती, इतकंच. हातोडा तिच्या उजव्या मनगटावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला. मिस्त्रीने हातोडा खाली टाकला. सुनेच्या पायाशी फरशी ओली झाली होती.

शेजाऱ्यांनी दोघींना एकाच गाडीत घातलं. दवाखान्यात एका स्ट्रेचरवर सून कळा देत होती, शेजारच्या बाकावर सासू हात मांडीवर धरून बसली होती. ड्रेसर जुना, ओळखीचा. वर्षानुवर्षं तिच्या जखमा त्यानेच बांधलेल्या.

"आता काय झालं, काकू?"

"दारात सापडला," सासू म्हणाली. सवयीने, विचार न करता.

"मिस्त्रींना म्हणावं, जरा हलकी दारं करत जा."

तीही हसली, दरवेळी हसायची तशीच. मग शेजारी बघितलं. सून तिच्याकडेच पाहत होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं. मग तिचं स्ट्रेचर वर, बाळंतपणाच्या खोलीत नेलं. तासाभराने मुलगी झाली. सासू खालीच बसून राहिली, जिना चढायचा तिला धीर झाला नाही.

सून परत त्या घरी आली नाही. लांबच्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर तिने नवऱ्याला घेऊन भाड्याने खोली केली. सासूने मुलाजवळ निरोप पाठवला, एकदा बघू दे. उत्तर आलं, आत्ता नको. दुसऱ्यांदाही तेच आलं. मिस्त्री म्हणाला, गेली तर गेली. घरात आता एका खोलीला दारच नव्हतं.

बाराव्या दिवशी प्लास्टर दाखवायला म्हणून सासू बाहेर पडली. दुपार कलताना ती चौथ्या मजल्यावर पोचली. दार वाजवायची तिला सवय नव्हती. दोनदा हात उचलून खाली घेतला, मग बोटाच्या पेराने हळूच टकटक केलं.

दार चार बोटं उघडलं. मध्ये साखळी होती. सुनेच्या कपाळावर टाक्यांची रेघ दिसत होती, आतून बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"नको म्हणून सांगितलं होतं ना, आई?"

"सांगितलं होतंस." सासूने डाव्या हाताने पिशवीतून कडी काढली. अजून तिला लाकडाचा ढलपा चिकटलेला होता. "ही तुझी राहिली होती."

सुनेने फटीतून हात काढून कडी घेतली. दार ती लावणार होती.

"मी आत्ता पोलीस चौकीतून आले," सासू म्हणाली.

सून थांबली. "काय सांगितलंत तिथे?"

"हातोडा सांगितला. पाळण्याचं सांगितलं. तुझ्या कपाळाचंही." तिला धाप लागली होती. "आधी मी जाऊन कान भरले, तेही सांगितलं. ते लिहून घेतलं नाही त्यांनी. सही डाव्या हाताने केली, वेडीवाकडी आली. चालेल म्हणाले."

सुनेने तिच्या प्लास्टरकडे बघितलं. मग दार बंद झालं.

सासू उभी राहिली. दार तिने ढकललं नाही, पुन्हा वाजवलंही नाही. आतून साखळी काढल्याचा आवाज आला.